आराम कुठल्या मेडिकलवर मिळतो?

दवाखाना चालवणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, दाराबाहेर चपला काढतात, बाकावर नंबर लावून बसतात आणि खोकतात! हिवाळ्यात तर बाक पुरत नाही. नांदेड जिल्ह्यात, लोह्याला माझा दवाखाना आहे. दोन खाटा, वाफेचं एक मशीन आणि औषधं देणारे सलीमभाई. मी डॉक्टर होण्याच्या आधीपासून सलीमभाई या गावाचा ताप मोजत आलेत.

दिवाळी सरली, तुरी वाळायला लागल्या की आमचा सीझन सुरू. गोळ्या लिहून झाल्या की मी खाली एक ओळ लिहिते, 'घरी आराम.' एका आजोबांनी ती चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवली आणि परत येऊन माझ्यावरच उखडले, "सगळं दिलं त्यानं, पर ह्ये शेवटचं न्हाई म्हणतोय! कुठल्या मेडिकलवर मिळंल?"

तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. आता तो प्रश्न आठवला की तितकं हसू येत नाही.

* * *

नामदेवराव म्हणजे जवळच्याच खेड्यातले कास्तकार. अंगानं दणकट, आवाज असा की बांधावरून बोलले तर गावात ऐकू यावं. त्यांना न्यूमोनिया झाला. मी दम देऊन सांगितलं, "आठवडाभर अंथरूण सोडायचं नाही. समजलं?"

"हाव, समजलं."

आठवड्यानं आले ते जास्तच धापा टाकत. छातीला नळी लावली तर आत सगळी घरघर. मी चिडले. "अंथरूण सोडू नका म्हटलं होतं ना?"

"कुठं सोडलं?" नामदेवराव म्हणाले. "हरभऱ्याला पाणी चालू होतं. पुतण्यानं मला बाजेसकट ट्रॅक्टरवर टाकलं अन् शेतात नेऊन ठिवलं. गादीवरनं उठलो आसंल तर शपत!"

त्यांच्या मालकीणबाई मागून म्हणाल्या, "पडल्या पडल्या वरडत होते की! पाण्याचं ह्ये दारं मोड, त्ये दारं धर. समदी थंडी तोंडानं आत घेतली!"

मग नांदेडचा मोठा दवाखाना, ऑक्सिजन, सगळं झालं. जीव वाचला, पण फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. चार पावलं टाकली की दम लागतो. शेत आता पुतण्या बघतो. परवा त्यांच्या गावाहून येत होते तर अंगणात बाज दिसली, वर नामदेवराव. गाडी थांबवून विचारलं, "काय चाललंय?"

"काय न्हाई. आराम करून राहिलो."

बोलले माझ्याशी, पण तोंड सगळा वेळ शेताकडं होतं.

* * *

गायकवाड सर रिटायर झाले आणि त्यांनी अख्ख्या गावाच्या तब्येतीची जबाबदारी घेतली. 'आरोग्यम्' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. मलाही त्यात घातलं. रोज सकाळी मेसेज. कोमट पाणी प्या, तिळाचं तेल चोळा, सूर्याकडं पाठ करून बसा. मी रोज खाली एक अंगठा पाठवून मोकळी व्हायची.

सरांना स्वतःला शुगर होती. ती जानेवारीत एकदम आभाळाला भिडली. मी विचारलं, "सर, काय खाताय?"

"साधं जेवण. ज्वारीची भाकरी, पालेभाजी. गोड तर बंदच!"

मग सरांच्या मिसेस हळूच म्हणाल्या, "अन् डिंकाचे लाडू?"

सर त्यांच्याकडं रागानं बघायला लागले. "मॅडम, ते मी खाणं म्हणून खातच नाही. औषध म्हणून खातो. उपाशीपोटी!"

सलीमभाईंना आतल्या खोलीत जाऊन हसावं लागलं. पण त्याच हिवाळ्यात सरांच्या टाचेला भेग पडली, नवा बूट चावला आणि पायाचा अंगठा काळा पडत गेला. सर तो कुणाला दाखवेनात. ग्रुपवर मात्र मेसेज वेळेवर! शेवटी नांदेडला नेऊन अंगठा काढावा लागला.

ऑपरेशननंतर ग्रुप बरेच दिवस गप्प होता. मग एका सकाळी सरांचा मेसेज आला, 'मित्रहो, पायांची काळजी घ्या. मी घेतली नाही.'

मी सवयीनं खाली अंगठा पाठवला. पाठवला आणि जीभ चावली.

* * *

सुनीता नावाची एक बाई आहे, नायगावकडून इथं दिलेली. थंडीत तिला कणकण आली. तपासलं, फार काही नव्हतं. गोळ्या दिल्या. ती उठेचना.

"मॅडम, सलाईन लावा की."

"गरज नाही गं. घरी जा, गरम काहीतरी पी आणि झोप."

"घरी कोण झोपू देतंय? हातात सुई आसली की कुणी काम सांगत न्हाई."

बाटली लावली, हळू सोडली. सुई टोचून सलीमभाई वळले नाहीत तोवर ही गाढ झोपली. घोरायलाच लागली! सलीमभाईंनी पडदा ओढला आणि बाकावरच्या पेशंटना सांगितलं, "आहिस्ता खोका!"

थोड्या वेळानं तिची सासू आली. हातात भरलेली पिशवी. मला बरं वाटलं, म्हटलं सुनेला फळं आणली वाटतं. पडद्याआड गेले तर सुनीता उठून बसलेली, आणि खाटेवर मेथीच्या जुड्या!

"अहो, तिला सलाईन लावलंय!" मी म्हणाले.

"मंग? त्ये एका हाताला हाय. दुसरा मोकळाच हाय की!"

सलीमभाईंनी कपाटातून पट्टी काढली आणि सुनीताच्या दुसऱ्या हाताला चांगली कोपरापर्यंत गुंडाळली. सासूला म्हणाले, "नस सुजी है अम्मा. इसको भी आराम."

सासूबाई नाइलाजानं स्वतः मेथी निवडायला बसल्या. आम्ही दोघं आमच्या पराक्रमावर खूश. बाटली संपली, सुई काढली. जाताना सुनीता माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, ही पट्टी लगेच सोडावी लागती का? का र्‍हाऊ देऊ चार दिस?"

* * *

हेच सलीमभाई दुसऱ्यांना कानटोपी घाला म्हणून ओरडतात आणि स्वतः धुक्यात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून स्कूटरवर येतात. मागच्या हिवाळ्यात झाले आडवे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना सक्तीची रजा दिली. "आठ दिवस दिसायचं नाही इथं!"

तिसऱ्या दिवशी सकाळी हजर. मफलर गुंडाळलेला, डोळे लाल.

"हे काय? घरी करमेना का?"

"करमायचं काय मॅडम, बसायचं कुठं तेच कळेना. खिडकीजवळ बसलो तर तिथं बेगमची शिलाई मशीन. पलंगावर बसलो तर दुपारी नातवंडं तिथं अभ्यास करतात. अंगणात खुर्ची टाकली तर शेजारीण परत गेली, म्हणाली, घर में मेहमान आये क्या?"

मी हसले. तेही हसले. मग स्टूलवर बसून मफलर सोडत म्हणाले, "काल बेगमनं चहा केला. कप हातात घेऊन उभी राहिली अन् विचारलं, तुम्ही साखर घेता का हो?"

सलीमभाईंचा आयुष्यभराचा सगळा चहा दवाखान्यातच झाला होता.

त्या दिवशी मी त्यांना परत घरी पाठवलं. जाताना म्हणाले, "सांगून टाकतो. एक चमचा."

* * *

माझं माहेर लातूरचं. आईला हिवाळ्यात खोकला होतो, म्हणजे व्हायला लागला होता. फोनवर चार वाक्यं बोलली की खोकायची. मी इथून औषधं सांगायची. सिरप बदललं, वाफ सांगितली, हळद-दूध सांगितलं. खोकला हटेना. ती म्हणायची, "येळवसेला ये ना. तूच बघ काय ते."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमचं सगळं लातूर शेतात जेवायला जातं, गावात माणूस दिसत नाही. पण लोह्यात माझ्या बाकावर माणसंच माणसं. एका वर्षी जमलं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही.

शेवटी मलाच घोर लागला. म्हटलं एवढा चिवट खोकला म्हणजे नक्की काहीतरी आहे. रविवारी न कळवता गेले. छाती तपासली, घसा बघितला. सगळं स्वच्छ! दिवसभर आई एकदाही खोकली नाही. उन्हात बसून मला हरभऱ्याचे घाटे सोलून देत राहिली.

निघताना वडील गाडीपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "बाबा, तिला तर काहीच नाही."

"काही नाहीच," वडील म्हणाले. "फोन ठेवला की थांबतो तिचा खोकला."

वडिलांनी गाडीचं दार लावलं आणि काचेतून हात हलवला. आई गच्चीवर उभी होती. मी वर बघितलं तशी तिनं घाईनं तोंडावर पदर धरला आणि थोडंसं खोकून दाखवलं.

* * *

केरबा आणि गयाबाई हे म्हातारं जोडपं. मुली लग्न होऊन गेलेल्या, घरी दोघंच. गयाबाईंचा दम वाढला म्हणून केरबा घेऊन आले. चेहरा असा की जणू मीच त्यांचा वेळ घेतेय.

"काकूंना आराम लागेल," मी म्हणाले.

"दिवसभर घरीच आसती. आनखी कसला आराम?"

"चुलीचा धूर बंद. गॅस आहे ना घरी?"

"हाय. पर भाकर चुलीवरचीच लागती."

"कुणाला?"

केरबांनी खाली बघितलं. "मला."

"मग तुम्ही करा. चूल, पाणी, झाडलोट, सगळं. काकूंनी उन्हात बसायचं."

मला वाटलं, म्हातारा रागावणार आणि दुसरा डॉक्टर बघणार. पण पुढच्या खेपेला दोघं आले ते वेगळेच. केरबांच्या बोटांना भाजल्याचे फोड आणि गयाबाई हसतायत!

"काय सांगू बाई, भाकर करतेत का दगडाचा उंडा! तोडायला कुऱ्हाड लागंल. पर चुलीम्होरं फिरकू देत न्हाईत. सकाळच्याला उन्हात गोधडीवर बसवतेत. ऊन सरकलं की गोधडी सरकवतेत. म्या म्हणलं, मला काय वाळवण घातलंय का!"

हसता हसता त्यांना ढास लागली. केरबा पाण्याचा गिलास धरून उभे राहिले, आणि ढास थांबली तरी उभेच होते.

गयाबाईंच्या चेहऱ्यावर तजेला आला होता, पण मला छातीतला आवाज आवडला नाही. नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडं तपासायला पाठवलं. त्यांचा मला फोन आला. फुप्फुसं आतून पार गेलीत, म्हणाले. फार तर हा हिवाळा. पुढं करण्यासारखं काही नाही, घरच्यांना सांगून ठेवा.

मी केरबांना निरोप धाडला. सकाळी दोघं आले. कसं सांगायचं ते मनाशी जुळवत होते, तर केरबा एकटेच आत आले आणि दार लोटून घेतलं. गयाबाई बाहेर बाकावर.

"बसा काका. मला तुमच्याशी—"

"आधी माजं ऐका," केरबा म्हणाले. टोपी काढून हातात धरली होती. "एक इनंती हाय बाई. ती बरी झाली आसंल, तर तिला सांगू नका."

मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"भोगीची भाकर मीच करते म्हणून राहिली. बरी झाली म्हणलं की बसलीच चुलीम्होरं, ऐकायची न्हाई माजं. लई वर्षं बसली ती तिथं. तवा संकरातीपस्तोर तरी आजारीच हाय म्हणा. मग बघू. जमंल का तेवढं?"

"जमेल काका," मी म्हणाले. "नाही सांगत."

केरबांनी टोपी घातली, हात जोडले आणि बाहेर गेले. दारातून मला दिसत होतं. बाकावरचं ऊन सरकलं होतं. त्यांनी गयाबाईंना दंडाला धरून उठवलं आणि बाकाच्या त्या टोकाला, उन्हात नेऊन बसवलं.