राजाच्या पडवीत पालीचे बोंबील

उत्तनच्या टेकडीवरच्या जुन्या राजवाड्यात संग्रहालय झालं आणि शेजारच्या पाली कोळीवाड्यातल्या डॉमनिकला तिथं चौकीदारी मिळाली. चाळीस वर्षं होडीवर काढलेला माणूस. पण डोक्यावर टोपी चढली आणि स्वारीला वाटलं, राजे गेले, आता उरलो मीच. त्याची बायको जुडिथ रोज जमिनीवर आणायची, "महाराज, दळण आनायचं हाय."

वाड्यात तलवारी होत्या, पालखी होती, पेंढा भरलेला वाघ होता. दर्यावरच्या माणसांचं मात्र काही नव्हतं. डॉमनिकनं संचालिका ममताबाईंच्या मागं असा लकडा लावला की त्या थकून म्हणाल्या, "मागची पडवी घ्या. शुक्रवारी समिती येतेय. पटलं तर कायम, नाहीतर तिथं राजांच्या बंदुका लावणार."

डॉमनिकनं बापाचं वल्हं मांडलं, जाळं टांगलं, बोंबील सुकवायची बांबूची वलांडी उभी केली. सगळं झालं, पण वलांडी रिकामी! ती बघून ज्याचा जीव कासावीस होत नाही तो पालीचा नव्हेच. शुक्रवारी सकाळी त्यानं बंदरावरनं ताजे बोंबील आणले, दोघादोघांचे जबडे एकमेकांत अडकवून ओळीनं टांगले आणि खुशीत मिशीला पीळ दिला.

अकराच्या उन्हात बोंबलांनी आपली ओळख करून दिली. समिती वाघापाशीच असताना नाकाला रुमाल लागले. पडवीत पाच मांजरं. एक तर राजाच्या मखमली खुर्चीवर जेवायला बसलेलं.

"डॉमनिक, हे खरे आहेत?" ममताबाई किंचाळल्या.

"म्हंजे? तुमचा वाघ खरा, मंग माजे बोंबील खोटे कशाला?"

बोलून गेला आणि मनात म्हणाला, संपलं. चाळीस वर्षांत होडी बुडवली न्हाय, राजवाडा एका सकाळीत बुडवला!

तेवढ्यात समितीतले म्हातारे आत्मारामपंत रुमाल काढून पुढं झाले. "अहो, दोरा नाही, खिळा नाही, मग हे पडत कसे नाहीत?"

डॉमनिकनं जबड्यात जबडा अडकवून दाखवला. मग काय! पंतांनी बाह्या सरसावल्या, त्यांच्यामागं बोंबील अडकवायला अख्खी समिती रांगेत. कोट खराब झाले, पण पडवी मिळाली. अट एकच, बोंबील प्लास्टिकचे.

ते आले खरे, पण सगळ्यांची तोंडं बंद. अडकवणार कशात? बिचारा आता दोन्ही हातांचे जबडे करून दाखवतो आणि अर्धा अर्धा तास बोलतो.

जुडिथ बघायला आली. बोंबील निरखले, नवऱ्याला निरखलं.

"ह्यांच्याकडनं शिक कायतरी," म्हणाली, "तोंड कसं मिटून ठेवायचं ते."

हेसुद्धा तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो.