फुगे कोणाच्या हातचे

वाशीला, खाडीकडच्या फर्निचरच्या कारखान्यात मला चिकटवलं ते मिस्त्रींनी. सातवीतून शाळा सोडून बीडकडून आलो होतो, झोपायचो तिथंच. काम सुटलं असतं तर छप्परही गेलं असतं. त्या माणसाचे उपकार मी आजही मानतो. तरी त्याच्यावर सूड उगवला, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. भर पावसाळ्यात मी आणि मिस्त्री दारांवर चिकटवायचो ते विनियर, म्हणजे सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, आठवड्याभरात फुगायला लागलं. मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाले, "शेठ, ह्या सातवीवाल्याच्या हाताला घाम सुटतो. माल टिकेल कसा?"

लोक खो खो हसले. घाम सुटायचा, खरंय. भीतीनं सुटायचा.

"आणखी एक दार फुगलं तर गावची एसटी पकडायची," शेठ म्हणाले. मला पॉलिशपेपर घासायला बसवलं.

घासता घासता मी मिस्त्रींकडे बघत राहिलो. ते गोंदाच्या बादलीत तांब्याभर पाणी ओतायचे, हात भरभर फिरावा म्हणून. त्यांच्या जळगावच्या कोरड्या हवेत खपत असेल. इथं प्लायवूड ओल्या भिंतीला टेकलेलं, त्यात हा पातळ गोंद. मी गुपचूप दोन तुकडे चिकटवले. एक त्यांच्या पद्धतीनं. दुसरा चार दिवस माळ्यावर सुकवलेल्या प्लायवर, बिनपाण्याच्या गोंदानं, वर वजन ठेवून. पहिला फुगला. दुसरा बोटानं वाजवला तर कुठं पोकळ नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मिस्त्री एका दवाखान्याची चार दारं एकटेच करत होते. ओतू दिलं पाणी.

चारही फुगली.

"कोणाच्या हातची ही?" शेठ कडाडले.

"मिस्त्रींच्या. मी शिवलोपण नाही." मी दोन्ही तुकडे पुढ्यात ठेवले आणि पाण्याचं सांगून टाकलं.

"ए, आता तू मला शिकवणार?"

"नाही मिस्त्री, फक्त वाजवून बघा."

वाजवलं शेठनी. विनियरचं काम त्याच दिवशी माझ्याकडे आलं. चार दारांचे पापुद्रे खरवडायला मिस्त्री उकिडवे बसले. दुपारी म्हणाले, "जरा टोक धर रे, दार हलतंय."

"माझी जेवणाची सुट्टी झालीय, मिस्त्री," मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच डबा उघडून सावकाश जेवलो.