तंबूबाहेरचे बूट

जीप घेऊन वाळूच्या बेटावर राहायला जायचं ठरलं, म्हणून मी आणि नवरा अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या एका दुकानात तंबू बघत होतो. मांडून ठेवलेल्या एका तंबूबाहेर कुणीतरी बूट काढून ठेवले होते. आत साडीवर स्वेटर घातलेल्या एक काकू बसल्या होत्या.

आमचं मराठी ऐकून म्हणाल्या, "या ना, आत या."

आम्हीही बूट काढले. टायरमधली हवा कमी करून वाळूवर कसं ड्राइव्ह करायचं, ते नवरा सांगत होता. काकू डोळे मिटून तंबूच्या कापडावर हात फिरवत राहिल्या.

"हिवाळ्यापासून मुलाकडे आहे," त्या म्हणाल्या. "कुणाला आत या म्हणायची ही पहिलीच वेळ."

दोघांपुरता तंबू घ्यायला गेलो होतो. तिघांचा घेतला.