कॅथेड्रलची आग आणि रस्त्यावरची रांग

छतावर मारलेलं सगळं पाणी परत आमच्याच अंगावर येत होतं.

मी कॅथेड्रलच्या आवारात उभा होतो. माझी माणसं ब्रँच धरून बाहेरून पाणी फेकत होती. ब्रँच म्हणजे होजच्या, पाण्याच्या पाइपच्या, तोंडाला लावलेली धातूची नळी. छत उतरतं, कवेलूंचं, म्हणजे कौलांचं. पाणी आत जाऊ द्यायचं नाही हे कवेलूंचं काम, आणि इतक्या वर्षांनीही ती ते चोख करत होती. आग त्यांच्या खाली होती. छत पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि लाकडी सिलिंग यांच्यामध्ये माणूस वाकून चालेल एवढी पोकळी होती. जुन्या वायरिंगची ठिणगी तिथं, इमारतीच्या मधोमध पडली होती.

"आत जावं लागेल," मी लीडिंग फायरमन डोंगरेला म्हणालो.

"मी केव्हाचा तेच म्हणून राहिलो, साहेब."

मी तेव्हा स्टेशन ऑफिसर होतो. निवृत्ती जवळ आली होती. मे महिन्यातली दुपार. गेटच्या लोखंडाला हात लावला तरी भाजत होतं, ते आगीनं की उन्हानं, कळायला मार्ग नव्हता.

आत गेलो आणि क्षणभर मी माझं काम विसरलो. नोकरीत गोदामं पाहिली, जिनिंगमधला कापूस पाहिला, लकडगंजचे लाकडाचे अड्डे जळताना पाहिले. असं कधी पाहिलं नव्हतं. खाली सगळं शांत होतं. बाकं ओळीनं लावलेली, वेदीवर ताजी फुलं, खिडक्यांच्या रंगीत काचांमधून येणारं ऊन फरशीवर पडलेलं. आणि डोक्यावर, फळ्यांच्या फटींतून, एक नारिंगी उजेड मंद गतीनं वेदीकडे सरकत होता. आवाज असा, की वरून कुणीतरी जड पावलांनी चालत चाललंय.

फादर माझ्या मागे आले होते. मी त्यांना बाहेर ढकललं.

"किती वाचेल?" त्यांनी विचारलं.

"वेदीच्या अलीकडच्या कमानीशी अडवली तर वेदी वाचेल. पाणी मात्र तुटता कामा नये."

पाण्याचं गणित सोपं असतं. आमच्या गाडीतली टाकी काही मिनिटांत संपते. पुढं पाणी बाहेरूनच आणावं लागतं. जवळचा हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचा रस्त्यावरचा नळ, उन्हाळ्यात कोरडा. रस्त्यापलीकडे एक मंगल कार्यालय होतं, त्याची जमिनीखालची टाकी भरलेली होती. दुसरी गाडी तिथं लावून पंप सुरू केला आणि होज रस्त्यावरून आडवा टाकून चर्चमध्ये आणला. म्हणजे डोंगरेच्या हातातलं सगळं पाणी भर रस्त्यातून येत होतं.

अशा होजवरून गाड्या जाऊ नयेत म्हणून आमच्याकडे रॅम्प असतात. लाकडाचे उतरते ठोकळे. होजच्या दोन्ही बाजूंना लावले की चाक अलगद वर चढून उतरतं. ते रॅम्प गाडीच्या कपाटात होते आणि कपाटातच राहिले. काढायला सांगायचं काम माझं होतं.

डोंगरे आणि दोघांनी आकड्यानं सिलिंगच्या फळ्या ओढून काढल्या आणि खालून वर पाणी मारलं. वाफेचा लोट खाली आला. उजेड कमानीशी थबकला. किती वेळ ते घड्याळात पाहिलं नाही, पण थबकला हे नक्की. अजून एक टँकर आला की जिंकलो, असं वाटलं.

तेवढ्यात वायरलेसवर टँकरचा ड्रायव्हर ओरडला, "साहेब, पब्लिक सोडून नाही राहिली. अडकलो."

मी गेटवर आलो. रस्त्यावर माणसांची दुहेरी भिंत उभी होती. एकमेकांच्या हातात हात अडकवलेले. बायका, भाजीवाले, कॉलेजची मुलं, एक टोपी घातलेले मौलाना, टायर पंक्चरचा दुकानदार. पलीकडे आमचा टँकर भोंगा वाजवत होता. मी हात हलवून 'हटा' म्हणालो. कुणी हललं नाही. उलट सगळे एकदम माझ्यावर ओरडायला लागले.

गर्दी ओरडतेच. तीस-पस्तीस वर्षं मी गर्दीला आगीइतकंच वैरी मानत आलो होतो. मोबाइल काढून वाटेत उभी राहणारी, होजवर पाय देणारी, आम्हालाच अक्कल शिकवणारी. त्यामुळे ती काय ओरडते ते मी ऐकलंच नाही.

शेजारी पोलीस होते. मी त्यांना म्हणालो, "रस्ता मोकळा करा. काय वाट्टेल ते करा."

त्यांनी लाठ्या चालवल्या. भिंत फुटली. टँकर सुसाट पुढं आला आणि तेव्हा मला दिसलं, की ती दुहेरी भिंत आमच्या होजच्या दोन्ही बाजूंनी उभी होती. होज त्यांच्या पायांमध्ये होता. जे काम रॅम्पनं करायचं, ते ही माणसं अंगानं करत होती.

टँकरचं चाक होजवर चढलं. पाण्याचा फवारा कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत उडाला.

"साहेब, पाणी गेलं!" आतून डोंगरेचा आवाज.

"बाहेर या! सगळे बाहेर!"

ते बाहेर आले आणि वेदीवरचं छत बसलं. एका दमात नाही. एकेक कैची कलत, दुसरीला ओढत, जणू वाकून नमस्कार करत खाली आली. मग लाल धुळीचा ढग दारातून बाहेर आला. रस्ता गप्प झाला. भोंगेसुद्धा थांबले. एका म्हातारीनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. तिचं पाहून इतरांनीही काढल्या. त्या तापलेल्या डांबरावर.

आता लोक आम्हाला मारतील, अशी माझी खात्री होती. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही धावत फुटलेला तुकडा काढून नवा जोडायला लागलो. मान वर केली तर ती माणसं परत आली होती. कुणाच्या कपाळातून रक्त, कुणाची बाही फाटलेली. नव्या होजच्या दोन्ही बाजूंनी, त्याच जागी, पुन्हा हातात हात घालून उभी. सगळ्यात पुढं तो पंक्चरवाला होता. आडनाव मेश्राम. मला म्हणाला, "आता तरी नका हटवू गा साहेब."

दाराकडचा अर्धा भाग आणि घंटेचा मनोरा वाचला. त्या होजवरून नंतर एक सायकलसुद्धा गेली नाही.

संध्याकाळी चीफसाहेबांचा फोन.

"होज कसा फुटला?"

"टँकर गेला वरून."

"कोणाचा?"

"आपलाच."

"गर्दी होती ना?"

"होती."

"मग गर्दी लिहा. आपल्या प्रत्येक रिपोर्टमध्ये असतेच ती."

खरंच असते. 'बघ्यांच्या गर्दीमुळे कामात अडथळा आला' हे वाक्य आम्ही हवामान लिहावं तसं लिहितो. सुचवलं त्यांनी, पण लिहिलं मी, सही माझी. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं. मेश्रामनं लाठी हातानं अडवली होती, म्हणून त्याच्यावर शासकीय कामात अडथळ्याची केस झाली. माझा सत्कार झाला.

केस रेंगाळली. मी निवृत्त होऊन मनीषनगरला राहायला आलो, तरी ती चालूच. शेवटी साक्षीला बोलावलं. "या माणसाला ओळखता?" मी म्हणालो, "धुरात चेहरा दिसला नाही." तो सुटला. आपण त्याच्यावर उपकार केले, असं मला बाहेर पडेपर्यंत वाटत होतं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तो थांबला होता. "सुटलो, साहेब. पण पाइप पब्लिकनं नाही फोडला, हे कुठं लिहिलं?"

मी पायऱ्या उतरायला लागलो. तो सोबत आला.

"मी चर्चचा नाही," तो म्हणाला. "बुद्धविहारात जातो. पण रोज त्या घंटेवर दुकान उघडतो. आता गिऱ्हाईक हसून म्हणते, मेश्रामभाऊ, तुम्हीच ना ते आगीत आडवे आले?"

आता कॅथेड्रलचं नवं छत पूर्ण झालं आहे. स्मरणिका निघते आहे. फादरनी मला त्या दिवसावर लिहायला सांगितलं. ऋणनिर्देशात माझं नाव पहिलं आहे, असंही आनंदानं कळवलं. म्हणून हे सगळं लिहिलं. फादरना आधी वाचून दाखवलं. त्यांनी नव्या छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक शब्दही कापणार नाही."

छापायला देण्याआधी कागद घेऊन मेश्रामच्या दुकानात गेलो. त्यानं हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं.

"खरं हाय," तो म्हणाला. "फक्त एक चुकलं."

"काय?"

"तुम्ही लिहिलं, सगळ्यात पुढं मी होतो. दोन्ही खेपेला पुढं आमची घरवाली होती, शीला. मी तिच्या मागं. लाठी पहिले तिले लागली, मी नंतर पकडली." त्यानं आत हाक मारली, "काय वं, साहेब तुझं नाव विचारून राहिले."

आतून आवाज आला, "आता काहून? तेव्हा तर पाइप पाइप म्हणून नरडं बसलं माह्यं."

तर दुरुस्ती अशी: सगळ्यात पुढं शीला मेश्राम होत्या. ऋणनिर्देशात माझ्या नावाच्या जागी त्यांचं नाव घालावं, असं फादरना कळवलं आहे. आणि नव्या फायरमनांसाठी एवढंच, की गाडी थांबली की रॅम्प आधी काढा. माणसं जागची हलत नसतील, तर त्यांच्या पायाशी काय आहे ते बघा.