चवथीच्या चंद्राचे राखणदार

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं आम्ही सुरतेला पांडेसऱ्यात राहिलो. गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी आमची सगळी चाळ माना खाली घालून वावरत असे, कारण त्या दिवशी चंद्र दिसला की चोरीचा खोटा आळ येतो. समोरच्या खोलीतले गृहस्थ मात्र गच्चीवर उभे राहून हुकूम सोडत, "अजून आहे. माना खाली." ते मिलमध्ये कापडातले डाग शोधायच्या कामावर होते आणि प्रत्येक वाक्यानंतर शिक्का मारल्यासारखे थांबत. अमावास्येनंतर चंद्र रोज पाऊण तास उशिरा मावळतो, हे ते अशा थाटात सांगत, की ती सवलत त्यांनीच दिली असावी.

"काका, पण तुम्ही बघता त्याचं काय?" मी एकदा विचारलं.

"मी बघत नाही. तपासतो."

एके वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाची चांदीची वाटी नाहीशी झाली. धुळ्याकडून नुकतीच आलेली शेजारची सून सकाळी मखरापाशी झाडत होती, म्हणून सगळे तिलाच विचारू लागले. तिला धड रडताही येईना.

काका गच्चीवरून खाली आले. "या पोरीनं काल मान वर केली नाही," ते म्हणाले. "चाळीत चंद्र पाहिला तो मी एकट्यानं. दर वर्षी पाहतो. मग आळ हिच्यावर कसा येईल?"

तर्क बिनतोड होता. अध्यक्षांनी जरा विचार केला, सुनेला घरी पाठवलं आणि काकांच्या खोलीची झडती घ्यायचं ठरवलं.

काकांनी स्वतः दार उघडून धरलं. "पलंगाखालीही बघा," ते म्हणाले. "काम अर्धवट नको."