तापलेल्या गाडीचं निदान

मी गेली अठ्ठावीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवतो आणि एवढ्या काळात माझ्या विज्ञानामुळे कुणाला इजा झालेली नाही. अपवाद फक्त आमच्या चिरंजीवांच्या, म्हणजे निखिलच्या साखरपुड्याचा.

साखरपुडा धुळ्याला होता, दुपारी बाराला. बायकोचं म्हणणं होतं की मे महिना आहे, एसीची गाडी भाड्याने सांगू. मी म्हटलं, घरची गाडी असताना भाड्याची कशाला? आमची गाडी निखिलपेक्षा एका वर्षाने मोठी आहे आणि (हे मी सगळ्यांना सांगतो) त्याच्यापेक्षा जास्त ऐकते. तिचा दोष एकच. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं रबर गेल्यामुळे आत वास यायचा. नव्या साड्यांना तो लागू नये म्हणून आदल्या संध्याकाळी टाकी फुल केल्यावर मी दुधाची रिकामी पिशवी टाकीच्या तोंडावर घातली आणि वरून झाकण गच्च आवळलं. वास गेला! मी स्वतःवर खूश झालो आणि पिशवी विसरून गेलो.

साडेनऊला जळगावहून निघालो. मागे बायको आणि माझी थोरली बहीण अक्का. अक्काचं अमळनेरला सुट्या तेलाचं दुकान आहे, तीस वर्षं ती ते एकटी चालवते. पुढे माझ्या शेजारी नवरदेव, मांडीवर अंगठीची डबी आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी. एरंडोल मागे पडलं, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

"पेट्रोल शे का?" अक्काने तिच्या अहिराणीत विचारलं.

मी हसलो. काटा फुलवर होता. "अक्का, हे काही तुझ्या तेलाच्या डब्यासारखं नाही. यामागे शास्त्र असतं."

बॉनेट उघडून हात लावला, हात भाजला, निदान झालं. उन्हाने पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. फडकं शोधलं तर गाडीत एकच सापडलं. व्याह्यांसाठी घेतलेल्या टॉवेल-टोपीतला टॉवेल! बायको नको नको म्हणत असताना मी तो भिजवून पंपाला गुंडाळला. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू. मी निखिलला म्हटलं, बघ, निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. निखिल टॉवेलकडे बघत होता.

निष्कर्ष पारोळ्याच्या अलीकडे बंद पडला.

या वेळी केळीचा ट्रक घेऊन चाललेला एक भला ड्रायव्हर थांबला. इंजिन गरम झालं की हीटर लावायचा, इंजिनची उष्णता आत ओढली जाते, असं त्याने मला नीट समजावून सांगितलं. (शास्त्र म्हणून हे बरोबर आहे, हीच तर पंचाईत!) त्याचं सांगून होईपर्यंत वीस मिनिटं झाली आणि गाडी पुन्हा सुरू. म्हणजे मे महिन्यात, खानदेशातल्या उन्हात, हीटर लावून आम्ही चौघं साखरपुड्याला निघालो! अक्काने पदर ओला करून डोक्यावर घेतला. निखिलच्या शेरवानीचं पहिलं बटण चढावर उघडलं, शेवटचं पारोळ्याला. बायको गप्प झाली होती. ती बोलत असते तोवर मला भीती नसते.

पारोळा ओलांडून थोडं पुढे आलो आणि गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. तेवढ्यात व्याह्यांचा फोन. गुरुजी येऊन बसलेत, एक वाजता त्यांना दुसरीकडे लग्नाला जायचंय, तुम्ही कुठवर आलात? "हे काय, आलोच," मी म्हणालो. समोर नुसता हायवे होता.

"बाबा," निखिल शांतपणे म्हणाला, "मी तिच्या घरी सांगितलंय, आमचे बाबा कधी उशीर करत नाहीत."

मला खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडाने मी तिसरं निदान सांगायला लागलोच होतो, की कॉइल तापली असणार. तेव्हा अक्का खाली उतरली.

"भाऊ, तू मना दुकानमाईन दर साल एक रिकामा डबा लई जास. कसाले?"

"प्रयोगाला."

"काय दखाडस पोरेसले?"

"हेच की, डब्याला दोन भोकं पाडायची. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत..."

"आनि दुसरं भोक नही पाडं ते?"

मी तडक गाडीच्या मागे गेलो आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीने असा काही श्वास घेतला की बायको दोन पावलं मागे सरली. पिशवी आत ओढली जाऊन तिची वाटी झाली होती. हवेला वाटच नव्हती, पेट्रोल येणार कुठून? थांबलं की वीस मिनिटांत पिशवीच्या कडेने जरा हवा शिरायची आणि त्याचं श्रेय कधी टॉवेल घ्यायचा, कधी मी.

पिशवी मी खिशात घातली. निखिलने पाहिलं, पण पोरगा गुणी, शेरवानीची बटणं लावायला लागला. एकला पाच मिनिटं कमी असताना आम्ही धुळ्यात पोचलो. गुरुजी पिशवी आवरत होते, ते पुन्हा बसले. अंगठी वेळेत बोटात गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. साड्यांना पेट्रोलचा वास आला नाही. माझ्या खिशाला मात्र इतका आला की व्याही माझ्याशी बोलताना जरा लांबच उभे राहत होते. त्यात टॉवेल पंपाला गेल्यामुळे पहिल्याच भेटीत आम्ही त्यांना नुसती टोपी घातली.

तेल संपवून डबा पाठवताना यंदा अक्काने त्यावर खडूने दोन गोल काढून दिले. जूनमध्ये मी तो वर्गात नेला, धडा शिकवला, भोकं पाडून दाखवली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, दुसरं भोक पाडलंच नाही तर काय होतं?"

"साखरपुड्याला उशीर होतो," मी म्हणालो.