घळीत कुणी ओ दिली नाही

नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ ऐकले. त्यातला एक आजही शब्दन् शब्द आठवतो. तो ऐकल्यावर मी त्या माणसाला कोठडीत टाकायचे सोडून त्याच्या बैलांच्या घुंगरमाळा आणवल्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी बुलढाण्याला ठाणेदार होतो. दसरा जवळ आला होता. सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा बघत होतो, तोच ठाण्यापुढे एक हलकी बैलांची दमणी थांबली. तिच्यातून घाटाखालच्या गावचा एक शेतकरी उतरला. मागून तिथल्या कोतवालाने एका चिखलाने माखलेल्या माणसाला दंडाला धरून उतरवले.

"सायेब, माह्या बहिणीले या माणसानं मारलं," शेतकरी म्हणाला. "दोन लेकरं बी गेली. हा एकलाच घळीतून बाहेर आला."

तो माणूस म्हणजे त्याच्या त्या बहिणीचाच नवरा. पठारावरचा कास्तकार. धाकट्या मुलाचे जावळ मामाच्या मांडीवर काढायचे म्हणून तो बायको, मुलगी आणि तान्ह्या मुलाला घेऊन निघाला होता. गाडीवाटेने फार वळसा पडतो, म्हणून बैलगाडी घळीच्या वरच्या तोंडाशी ओळखीच्याच्या मळ्यात सोडून सगळे पायी उतरू लागले. आदल्या दिवशी मामाच्या दारात पोचला तो मात्र एकटाच. गावकऱ्यांनी रात्री कंदील घेऊन आणि उजाडल्यावर पुन्हा, घळीत नावे घेऊन घेऊन हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

मी खबर लिहून घेतली आणि त्या माणसाला आत बोलावले. हवालदार दाराशी उभे राहिले. हवालदारांना मिशा पिळायची सवय होती, आणि मिशीला हात गेला की समजावे, यांच्या लेखी गुन्हा शाबीत झाला.

त्याने सांगितले ते असे. निम्म्यावर गेल्यावर पुढची वाट खचलेली वाटली. बायको-पोरांना एका खडकाशी बसवून तो पुढे पाहायला गेला. तेवढ्यात वर डोंगरात पाऊस पडला असावा, घळीत पाणी आले. पाणी ओसरल्यावर तो परत आला तर खडकाशी कुणी नाही.

"मग?"

तो हातावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडत राहिला.

"बायकोशी भांडण होते का?"

"नाई सायेब."

"मेहुणा उगाच बोलतो का मग?"

तो ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. "बरोबर बोलते तो. मीच मारलं त्याइले."

हवालदारांचा हात मिशीला गेला. "झालं सायेब. कबूल झाला."

पण पोलिसात राहून मी एक शिकलो होतो. माणूस कबूल झाला की नेमका तिथेच आणखी एक प्रश्न विचारावा. मी विचारले, "कसे मारलेस?"

"नाव घेतलं, सायेब."

"कुणाचे?"

"बायकोचं. पोरीचं. लय भ्यालो होतो, नाव घेऊन बोंबललो." मग तो हळूहळू बोलता झाला. पठारावरची माणसे त्या घळीत कुणाचे नाव घेत नाहीत. तिथे जे काही राहते, ते आपल्या माणसाचा आवाज काढून नावाने हाक मारते. ओ दिली की माणूस त्या आवाजामागे जातो आणि परत येत नाही. आणि आपण नाव घेतले, तर ते नाव त्याला कळते. "म्या सोता त्याइचं नाव त्याच्या कानावर घातलं. आता काय राह्यलं!"

"हे तुझ्या बायकोला माहीत होते?"

"हाव. उतरताना मीच बजावलं. कोनी नावानं बोलावलं तं ओ द्यायची नाई, अन् पोरीलेबी देऊ द्यायची नाई."

मी खुर्चीवरून उठलो. काल संध्याकाळपासून अख्खे गाव त्या बाईला नावानेच हाका मारत होते! बाई मेली असेल तर गोष्ट वेगळी. पण जिवंत असेल, तर ती कुठेतरी पोरांची तोंडे दाबून बसली असणार, आणि जितक्या हाका तितकी ती आत आत सरकणार. त्यात कालच्यासारखे दुपारनंतर पुन्हा पाणी आले तर तिघे हातचे जाणार होते. आभाळ आताच गढुळले होते.

"रडू नकोस. मला सांग, तुझ्या घरातला असा कोणता आवाज आहे, जो त्या घळीतल्याला काढता येणार नाही?"

त्याने डोळे पुसले. विचार केला. "बैलाच्या घुंगरमाळा. पोळ्याले पोरीनं सोता निवडल्या. सांजच्याले त्या वाजल्या का पयत दारात येते."

मग मी वेळ दवडला नाही. दोर, कुऱ्हाड, पाण्याच्या पखाली, कांबळी घेतली आणि हवालदार, दोन शिपाई, तो नवरा आणि त्याचा मेहुणा यांना घेऊन निघालो. वरच्या तोंडाशी मळ्यातून त्याच्या बैलांच्या माळा आणवल्या आणि एका शिपायाला डोंगराकडे नजर ठेवून बसवले. आभाळ फुटले की बंदुकीचा बार काढायचा. बाकीच्यांना ताकीद दिली, जो कुणी नाव घेईल त्याला मी परत पाठवीन. मेहुणा कुरकुरला. "माह्या बहिणीले मी नावानं हाक मारू नाई काऊन?" मी म्हटले, "तिला जिवंत पाहायची आहे ना? मग तोंड बंद."

बैल घळीत उतरणे शक्य नव्हते. नवऱ्याने दोन्ही माळा आपल्याच गळ्यात घातल्या आणि बैल चालतो तसा अंग हलवत उतरू लागला. एरवी हवालदार पोट धरून हसले असते. त्या दिवशी कुणी हसले नाही.

खचलेली वाट गेली, खडक गेला. एका बाजूच्या अरुंद ओहळाशी आम्ही आलो. माळा वाजत होत्या. आणि वरून बारीक आवाज आला, "माय, गाडी आली."

पुराने झाडांच्या फांद्यांना गवत अडकून राहते, त्या रेषेच्याही वर एका कपारीत ती बाई बसली होती. चढताना पाय मुरगळून टम्म सुजला होता. लुगड्याचा पदर मुलीच्या कमरेला बांधलेला, तान्हे झोळीत. भाकरी पुरवून पुरवून खाल्ली होती, अर्धी अजून फडक्यात होती. दोराने एकेकाला खाली घेतले. आम्ही घळीबाहेर पडतो न पडतो तोच बार ऐकू आला, आणि थोड्या वेळाने खाली पाणी गरजत गेले.

मेहुणा बहिणीच्या पायाशी बसला होता. नवरा गळ्यातल्या माळा काढायचेच विसरला होता. मी बाईला विचारले, "काल नवऱ्याने हाका मारल्या. आवाज ओळखला नाहीत का?"

तिने नवऱ्याकडे पाहिले. "ओळखला ना, सायेब. म्हनून तं जास्तच भ्याली."

नवऱ्याने मान खाली घातली. मीच पुढे होऊन त्याच्या गळ्यातल्या माळा उतरवल्या.

पुढे मी त्या घळीत पुष्कळदा फिरलो. तिथे नाव घेऊन ओरडले की आवाज समोरच्या कड्यावर आपटून भलत्याच बाजूने येतो. माणूस त्या बाजूला धावला की दरीत जाणार. ज्या कुणा जुन्या माणसाने तो नेम घालून दिला, तो मूर्ख नव्हता. पण पुढच्यांना काय करायचे नाही तेवढेच ठाऊक राहिले, काय करायचे ते कुणी ठरवले नाही.

त्या बाईने आपल्या परीने सगळे नीट केले होते. उंच जागा धरली, पोरांना बांधून घेतले, भाकरी पुरवली. तयारीत उणीव एकच होती, खऱ्या हाकेची खूण ठरलेली नव्हती, आणि त्या उणिवेपायी एक निरपराध माणूस खुनी ठरत होता आणि तिघे घळीत हकनाक मरत होते.

आज माझी नातवंडे सुट्टीत घाटात फिरायला निघतात. पाणी घेतले का, दोर घेतला का, वर आभाळ पाहिले का, हे त्यांची आईच विचारते. मी दाराशी उभा राहून एवढेच विचारतो, "चुकामूक झाली, तर कशाला ओ देणार?" उत्तर मिळाल्याशिवाय मी कुणाला उंबरा ओलांडू देत नाही.